प्लास्टिक न काढलेली गाडी

चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या काकांचं नाव मी विचारलंच नाही. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, शर्टाच्या खिशात कायम एक पिवळं फडकं. विकायला काढलेली त्यांची छोटी गाडी वयानं माझ्याहून मोठी होती, पण सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. दरवर्षी दसऱ्याला पूजा, चाकाखाली लिंबू, सदर बाजारापर्यंत एक चक्कर, की गाडी परत शेडमध्ये.

गाडी घ्यायला गेलेला मी छातीठोकपणे म्हणालो, "काका, जिवापाड सांभाळीन."

काकांनी फडकं झटकलं. "सांभाळायला मी होतो ना, भैया! मग काहून विकून राहिलो? मला चालवणारा पाहिजे."

मी सरळ किल्ली मागून घेतली. काका स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसले. कमानिया गेटच्या गर्दीत एका ऑटोनं आमच्या दारावर हातभर ओरखडा ओढला. मी करकचून ब्रेक दाबला. काका उतरले, ओरखड्यावरून बोट फिरवलं, सवयीनं फडकं काढलं आणि तसंच खिशात ठेवलं. मग आत बसून त्यांनी सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"चलो," ते म्हणाले, "आता झाली ही गाडी."