एका गाडीला दोन उंट

“वसंता, उंट पाहिजे,” शेठजी म्हणाले. “रविवारच्या आत.”

नांदुऱ्यात स्टेशनजवळ मी नुकताच फोटो स्टुडिओ थाटला होता. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही नवा होतो. आमच्या धंद्यात पडदा म्हणजे कापडावर रंगवलेला देखावा. त्याच्यापुढे गिऱ्हाईक बसवायचं आणि दरडावायचं, “हलू नका!” माझ्याकडे एक बागेचा पडदा होता, एक कारंज्याचा. उंट नव्हता.

“उंट कशाला, शेठजी?”

“गोविंदाच्या लग्नासाठी.”

शेठजींची कापसाची आडत होती. त्यांचे वडील राजस्थानातल्या एका खेड्यातून इथे आले. शेठजी नांदुऱ्यात जन्मले, त्यांचा मुलगा गोविंदाही इथलाच. पण गाव कोणतं म्हणून विचारा, दोघेही छाती पुढे काढून त्या खेड्याचं नाव सांगायचे. दोघांनीही ते कधी पाहिलेलं नव्हतं!

अलीकडे पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या एका प्राध्यापकांनी मला सांगितलं की अशा लोकांना डायस्पोरा म्हणतात. मुलूख सोडून पांगलेले लोक. नुसतं गाव बदललं म्हणजे झालं असं नाही. पिढ्या उलटल्या तरी ‘आम्ही तिकडचे’ ही भावना टिकायला हवी. सोयरीक, कुलदैवत, जेवण, सगळं तिकडचं जपायचं.

“आणि तिकडचं गाव त्यांना आठवतं कसं?” मी विचारलं.

“पुष्कळदा ते मनानंच रंगवलेलं असतं.”

मला हसू आवरेना. मनानं कशाला? मी ते कापडावर रंगवून घेतलं होतं.

तर गोविंदाची एक सोयरीक आधीच मोडली होती. जोधपूरकडचे पाहुणे पंगतीत बसलेले असताना हा प्रेमानं, अस्सल वऱ्हाडीत म्हणाला, “काऊन काहीच घेऊन नाही राह्यले?” पाहुण्यांनी हात धुतले आणि निरोप धाडला: मुलगा चांगला आहे, पण आपला राहिलेला नाही. आता आसामातून दुसऱ्या मुलीचे वडील, बन्सीधरजी, येणार होते. चहामळ्यांच्या गावात त्यांचं दुकान होतं. घराणं अस्सल मारवाडी, असं शेठजींच्या कानावर आलं होतं. परत जाताना घरच्यांना दाखवायला त्यांना कुटुंबाचा एक फोटो हवा होता. गोविंदाला मुलीचा फोटो आधीच आला होता. तो खिशात घालून तो रोज माझ्याकडे येई आणि विचारी, “डोळे असेच असतीन, का रिटचिंग हाय?” रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिलनं केलेली लबाडी. इथे लबाडी दिसत नव्हती. पोरगा पार पाघळला होता.

पडदा रंगवायला मी रहीमभाईंना बोलावलं. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. शेठजी खुर्ची ओढून समोर बसले आणि न पाहिलेलं गाव सांगू लागले.

“वाळू काढा. किल्ला काढा. अन् उंटाची गाडी.”

“गाडीले उंट किती, शेठजी?” रहीमभाईंनी विचारलं.

“किती म्हणजे? जोडी! एक उंट गाडी ओढन का?”

“हाव, तेबी खरं हाय.” रहीमभाईंनी दोन उंट काढले. मध्ये जू घातलं, गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीसारखे ते ऐटदार दिसत होते, फक्त मान जरा लांब.

“मांजींना एकदा दाखवायचं का?” मी विचारलं. मांजी म्हणजे शेठजींच्या आई. लग्न होऊन तिकडून आलेल्या. घरात ते गाव पाहिलेलं माणूस तेवढं एकच.

“तिले काय विचारतं? गाव आपलंच हाय.”

रविवारी सगळे आले. शेठजींनी पगडी घातली होती. गोविंदाला तोंड न उघडण्याची ताकीद होती. बन्सीधरजींनी पडदा पाहिला आणि छातीवर हात ठेवला.

“वाह! बिलकुल हमारा गाँव! ऐसी ही गाड़ी में हमारे दादाजी बाजार जाते थे!”

शेठजींनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. मी काळ्या कापडात डोकं खुपसलं. त्या कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं. शेठजी, पाहुणे, गोविंदा, दोन्ही उंट छताला लटकत होते. मी फोकस केला, प्लेट घातली आणि ओरडलो, “हलू नका!”

आणि मांजींनी मागे वळून पाहिलं.

“अरे, गाडा में दो ऊँट कुण जोत्या?”

गाडीला दोन उंट कुणी जुंपले? म्हातारी थांबेचना. तिकडे गाडीला एकच उंट असतो, दोन जुंपलेले जन्मात पाहिले नाहीत, हे कुठल्या गावाचं चित्र, असं ती सगळ्यांना विचारू लागली. शेठजींची पगडी कानावर आली. बन्सीधरजी लालबुंद झाले. एकाच्या गावाचं आणि दुसऱ्याच्या आजोबांचं एकदमच बिंग फुटलं होतं.

आता हेही लग्न गेलं, असं मला वाटलं. गोविंदालाही वाटलं असणार, कारण तो ताकीद विसरून उठला.

“माह्या बापानं तुमच्यासाठी काढाले लावला हो हा पडदा! आमी कोनीच नाही गेलो तिकडं. मी असाच बोलतो. पोरगी द्या नाहीतर नका देऊ, पन मले ते लई आवडली हाय.”

शेठजी किंचाळले, “चूप बस बे!”

बन्सीधरजी हळूच म्हणाले, “मैं भी कभी नहीं गया, बेटा. मेरी लड़की तो असमिया में झगड़ती है. मैं रास्ते भर डर रहा था, कहीं आप लोग असली न निकलें!”

मग जो हशा पिकला, त्यात मांजी काही सामील नव्हत्या. त्या अजून उंट मोजत होत्या.

लग्न झालं. नवं जोडपं कुलदेवीच्या दर्शनाला त्या खेड्यात जाऊन आलं. परतल्यावर गोविंदा स्टुडिओत आला.

“कसं वाटलं आपलं गाव?” मी विचारलं.

“झकास! मानपान लई केला. मले दखनी म्हनत, तिले आसामवाली. अन् रोज विचारत, घरी कधी चालले?”

“मग तू काय सांगितलंस?”

“सांगतलं, मंगळवारच्या गाडीनं.”