जुळणी नाही

हे प्रकरण आठवलं की आजही तोंडातला घास कडू होतो. खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, रेल्वेखाली आलेली माणसं गोणपाटात भरली. त्यातलं फारसं काही आता छळत नाही. हे छळतं. नावं कोणाचीच लिहीत नाही, आणि माझंही नाव लिहावं असं यात काही नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या बेपत्ता माणसांच्या आणि बेवारस प्रेतांच्या नोंदी एकत्र ठेवायला एक प्रायोगिक संगणक कक्ष उघडला होता. दोन-अडीच वर्षं चालला आणि बंद पडला. मी तेव्हा निरीक्षक होतो. वरिष्ठांशी पटत नसलेल्या माणसाला कुठेतरी बसवायचं असतं, तसं मला तिथे प्रभारी म्हणून बसवलं. भाड्याच्या इमारतीत दोन खोल्या, चार टर्मिनल आणि एक एसी. तो एसी मशीनसाठी होता. आम्ही बाहेरच्या खोलीत घाम पुसत असायचो.

काम साधं होतं. कोणी हरवलं की त्या पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरवरून एक फॉर्म आमच्याकडे यायचा. कुठे बेवारस प्रेत सापडलं की पंचनाम्यावरून दुसरा फॉर्म यायचा. वय, उंची, कपडे, गोंदण, जुन्या जखमा. दोन्ही फॉर्म डेटाबेसमध्ये भरायचे आणि एकाशी दुसरा जुळतो का हे मशीनला विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा एकाच ओळीचं यायचं, 'जुळणी नाही'. ते कागदावर छापून फाईलला लावलं की आमचं काम संपलं.

हा डेटाबेस सांभाळायला वायरलेस विभागातला एक हवालदार होता. वय चाळिशीचं, पारोळ्याकडचा, तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेला. पोलिसांत असा नीटनेटका माणूस मी दुसरा पाहिला नाही. मशीन किती वाजता मंदावलं, कोणत्या शोधाला किती मिनिटं लागली, त्या वेळी किती टर्मिनल चालू होती, हे सगळं तो एका वहीत लिहायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहितो तशी तो मशीनची डायरी लिहायचा.

आमचं मशीन मुंगीच्या पावलानं चालायचं. एका शोधाला पाऊण तास. तेवढा वेळ बाकीची टर्मिनल गपगार. मी वैतागून विचारलं, "अहो हवालदार, रेल्वेचं रिझर्व्हेशन दोन मिनिटांत होतं, आपलंच घोडं का अडतं?"

तो म्हणाला, "साहेब, नाव माहीत असेल तर इंडेक्स लावता येतो. पुस्तकाच्या मागे सूची असते तसा. मशीन सरळ त्या पानावर जातं. पण बेवारस प्रेताला नाव कुठे असतं? मग त्याला पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेक वाचत जावं लागतं."

ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या वर्षी भादव्यात चोपडा तालुक्यातली, तापीकाठच्या गावातली एक बाई नाहीशी झाली. वय बावीस-तेवीस. नवऱ्याचं म्हणणं असं की ती कोणाबरोबर तरी पळून गेली. बाईचा बाप केळीबागेवर पाणी धरायला जाणारा विधुर माणूस. गावात सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. आबाला वाटत होतं की पोरीला मारलं. पण प्रेत नाही, रक्त नाही, साक्षीदार नाही. ठाण्यानं बेपत्ता म्हणून नोंद घेतली आणि फॉर्म आमच्याकडे पाठवला. फॉर्मवर खुणा दोन होत्या: डाव्या हातावर तुळशीचं गोंदण, आणि उजव्या पायाला सहा बोटं.

आबा दर सोमवारी यायचा. सकाळच्या एस.टी.नं यायचा, बाकावर बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा. हवालदार मशीनला विचारायचा आणि उत्तर यायचं, जुळणी नाही.

"मशीननी बठ्ठं देखं ना, साहेब?" तो दर वेळी विचारायचा.

"सगळं पाहिलं, आबा. दोन्ही जिल्हे."

"म्हंजे मन्ही पोर जित्ती शे?"

मी पोलीस अधिकारी. असं आश्वासन द्यायचं नसतं हे मला कळत होतं. तरी एका सोमवारी मी म्हणून गेलो, "मेलेल्यांत नाही, आबा. म्हणजे जिवंत असणार." त्याचा चेहरा असा उजळला की पुढच्या सोमवारी मीच ते आपण होऊन म्हटलं. मग ती सवयच झाली. तो घरी जाऊन तिचं अंथरूण उन्हात टाकायचा, असं त्याच्या गावचा एक माणूस मला सांगून गेला.

दहा महिने गेले. एके दिवशी सकाळी धुळ्याकडच्या एका ठाण्याचा जुना हवालदार वॉरंट घेऊन आला. निवृत्तीला आलेला, पान खाणारा, बोलघेवडा. मी सही करेपर्यंत तो भिंतीवरच्या बेपत्ता लोकांच्या नोटिसा वाचत उभा राहिला आणि एका नोटिशीवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, ही सहा बोटांची तर आमच्याकडे येऊन गेली की."

मी पेन खाली ठेवलं.

"मागच्या भादव्यात. शिरपूरच्या खालच्या अंगाला तापीत सापडली. मासे धरणाऱ्यांनी काढली. पंचनाम्याला मीच होतो, पायाची बोटं मीच मोजली. फॉर्मही तुम्हाला पाठवला ना तेव्हाच."

प्रेत सापडल्याची तारीख विचारली. बाई हरवल्यानंतर चौथ्या दिवशी.

माझा पहिला संशय सरळ होता. फॉर्म आला आणि आमच्या हवालदारानं तो भरलाच नाही. दाबला, हरवला किंवा आळस केला. माणसं असंच करतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. त्याला आत बोलावलं, दार लावलं आणि सराईताला विचारतात तसं उभं करून विचारायला सुरुवात केली. फॉर्म कुठे आहे? कधी आला? कोणाच्या हातात दिला? खोटं बोललास तर आजच निलंबनाचा रिपोर्ट पाठवतो. त्याला अरे-तुरे मी पहिल्यांदाच करत होतो.

तो उभ्याउभ्या उत्तरं नेमकी देत होता. कपाटातून फाईल काढली. धुळ्याचा फॉर्म जागेवर होता, कोपऱ्यात लाल शाईनं नोंद क्रमांक. तो क्रमांक त्यानं मशीनला दिला आणि दोन सेकंदांत पडद्यावर ती नोंद उभी राहिली. स्त्री, वीस ते पंचवीस, गोंदण अस्पष्ट, उजव्या पायाला सहा बोटं. आमच्याकडे आल्याच्या दिवशीच भरलेली.

"मग शोधात का नाही आली?"

त्यानं पुन्हा आबाच्या पोरीचा शोध लावला. दीड मिनिटात उत्तर, जुळणी नाही. तो त्या ओळीकडे बघत राहिला. मग एकदम खाली बसला, मला न विचारता, आणि वही उघडली.

वहीत एक पान होतं. त्याच्या वरच्या भागात सगळ्या शोधांपुढे चाळीस मिनिटं, पंचेचाळीस, अडतीस अशा नोंदी. खालच्या भागात एक मिनिट, दीड, एक. मध्ये त्यानं पट्टीनं रेघ मारली होती. रेघेवर लिहिलं होतं, 'मा. निरीक्षक साहेबांच्या तोंडी आदेशाने'.

मग मलाही आठवलं. आबा पहिल्यांदा आला त्याच्या आठवडाभर आधी वरिष्ठ पाहणीला येणार होते. त्यांच्यासमोर मशीन पाऊण तास घुरघुरत बसलं असतं तर माझी शोभा झाली असती. मी हवालदाराला म्हटलं होतं, शोध दोन मिनिटांत झाला पाहिजे, कसा ते तुम्ही बघा. तो म्हणाला होता, "साहेब, वेग हवा तर काहीतरी सोडावं लागेल." मी म्हटलं, "सोडा." काय सोडणार हे मी विचारलं नाही. पाहणी झकास झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली, मी हवालदाराची थोपटली.

त्यानं काय सोडलं होतं? त्यानं आपल्या वहीतल्या वर्षभराच्या जुळण्या काढल्या होत्या. जुळलेली जवळजवळ सगळी प्रेतं माणूस ज्या जिल्ह्यात हरवला त्याच जिल्ह्यातली होती. रुळांवरची, स्टँडवरची, विहिरीतली. म्हणून त्यानं नोंदी दोन भागांत ठेवल्या, जळगावच्या वेगळ्या आणि धुळ्याच्या वेगळ्या. एकच भाग मशीनच्या मेमरीत एकदम मावायचा, पुन्हा पुन्हा डिस्क चाळावी लागत नव्हती, म्हणून पाऊण तासाचं काम मिनिटावर आलं. जळगावात हरवलेला माणूस मशीन आता फक्त जळगावात शोधत होतं. ओळ मात्र तीच छापत होतं. ती बदलायचं कोणाला सुचलंच नाही.

"हवालदार," मी विचारलं, "तापी कुठे वाहते?"

"पश्चिमेला साहेब. शिरपूरकडे." मग म्हणाला, "मी पारोळ्याकडचा. आमच्या नदीला चार महिनेच पाणी. मला सुचलंच नाही."

चोपड्याच्या काठावर जे पाण्यात पडतं ते धुळ्यातच निघतं, हे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं. माझी तर नोकरीची सुरुवात त्या काठावर झाली होती. मलाही सुचलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

त्यानं ती मर्यादा काढून जुन्या पद्धतीनं शोध लावला. बाकीची टर्मिनल थांबली. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. एक्केचाळीस मिनिटांनी कागद बाहेर आला. त्यावर एक जुळणी होती.

पुढचा तपास लिहायलाही हात धजत नाही. प्रेत तीन दिवस वारसाची वाट पाहून पुरलं होतं. कपडे आणि बांगड्या मुद्देमालाची मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केल्या होत्या. फोटोत चेहरा म्हणावा असं काही नव्हतं. डॉक्टरांनी डोक्याला मार असल्याचं लिहिलं होतं, पण मरणाचं कारण 'नंतर कळवू' म्हणून राखून ठेवलं होतं, आणि ते पुन्हा कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं घर सारवून, रंगवून दुसरी बायको आणली होती. मी त्याला दोन दिवस बसवून विचारलं. तो शांत होता.

"साहेब, ती मेलेल्यांत नाही असं तुमच्याच मशीननं सांगितलं ना? कागद आहे माझ्याकडे."

खरंच होता. त्यानं अर्ज करून रीतसर नक्कल घेतली होती. कोर्टात तो कागद त्याच्या वकिलानं वर धरला तेव्हा मी खाली बघत होतो. नवरा सुटला. चौथ्या दिवशी ते प्रेत आमच्या हाती असतं तर सुटला नसता, असं मला वाटतं. खात्रीनं सांगता येत नाही, आणि आता कधीच येणार नाही.

त्या हवालदारावर मी काही कारवाई केली नाही. चूक माझी आहे असा रिपोर्ट मी वर पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. कक्ष बंद झाल्यावर तो पुन्हा वायरलेसला गेला. वही त्यानं माझ्याकडे दिली. ठेवाविशी वाटत नाही आणि टाकवतही नाही.

यातून मी काय शिकलो असं लोक विचारतात. एवढंच शिकलो की 'सापडलं नाही' हे उत्तर कोणाकडूनही घेताना, माणसाकडून असो की मशीनकडून, कुठे कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही हे आधी विचारावं. शिपायाला मी हे रोज विचारत होतो. गोठा पाहिलास का? माळा पाहिलास का? मशीनला विचारलं नाही, कारण ते झटपट उत्तर देत होतं आणि त्यात माझी वाहवा होत होती. शहाणपण आलं, पण ते कोणाच्या कामाला आलं नाही.

आबाला मीच सांगितलं. सोमवारी, त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसून. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "जवय जवय मी उनू, तवय मन्ही पोर या मशीनमाच व्हती का?"

"हो, आबा. तुम्ही आलात त्या प्रत्येक सोमवारी."

तो रडला नाही. टोपी घातली आणि गेला. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा या दारात येणार नाही, आणि यायचं कारणही नाही.

पुढच्या सोमवारी तो बाकावर बसलेला होता.

"आबा, आता काय राहिलं?"

"मशीनले एकदाव आजून इचारा, साहेब."

"आबा, सांगितलं ना मी. ती गेली. सहा बोटं जुळली."

"सहा बोटं दुनियामा आजून कोनले नहीत का?" तो अगदी समजुतीच्या सुरात बोलत होता, जणू मलाच धीर देत होता. "दहा महिना ते 'नही' म्हने, ते खोटं निंघनं. आते 'शे' म्हनस, ते बी खोटं व्हई. इचारा ना."

मी त्याला काय दाखवणार होतो? प्रेत मातीत होतं, बांगड्या नष्ट झाल्या होत्या, फोटोत चेहरा नव्हता. माझ्याकडे फक्त मशीनचा कागद होता, आणि त्या कागदावरचा त्याचा विश्वास मीच घालवला होता. मी हवालदाराला खूण केली. त्यानं शोध लावला. एक्केचाळीस मिनिटं आम्ही तिघं बसून राहिलो. कागद आला. हवालदारानं वाचून दाखवला.

आबानं मान हलवली आणि म्हणाला, "बरं. मी सोमवारले येस."