गोठ्यातली ताटली

कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं, माझा हात तव्यावर आहे. दुखलं काहीच नाही. सासू म्हणाली, महारोग. माझी ताटली गोठ्यात गेली. महारोग झाला म्हणून माणसाचं काय ढोर होतं?

नवऱ्यानं मलकापूरहून रेल्वेनं नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, महारोग नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोकळी झाली आहे, म्हणून चटका कळत नाही; असा रोगी क्वचितच दिसतो. घरी येऊन आम्ही तेच सांगितलं. पोकळी कोणालाच पटेना.

धाकटी जाऊ उठली. "बाई, मलेही काही समजलं नाही," म्हणाली आणि तिनं सगळ्यांदेखत माझ्या ताटलीतली अर्धी भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सासूनं गोठ्यात दोन ताटल्या ठेवल्या.