राणी मेल्याचा सांगावा

गेल्या हिवाळ्यात, लातूरच्या एका महाविद्यालयात इंग्रजी नाटकाची तालीम चालू असताना माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं गेलं. हे पाणी मूळ नाटकात नव्हतं. विभागप्रमुखांनी ते नाटकात घातलं होतं. दिग्दर्शनही त्यांचंच होतं. ओतणाऱ्या मुलाचा नेम चुकला आणि माझ्या चपला भिजल्या. सभागृहात बसलेली मुलं हसली. सर म्हणाले, "छान. अस्संच पाहिजे. पुन्हा घ्या."

मी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझं गाव हदगाव तालुक्यातलं. नांदेड जवळ असूनही मी लातूरला प्रवेश घेतला, कारण तिथं गावचं कुणी ओळखीचं नसणार होतं. पहिल्याच दिवशी सरांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. मग हसले. ते आमच्याच गावचे निघाले. त्यांचं घर वरच्या आळीतलं. आमचं बुद्धविहाराच्या मागं.

नाटक जुनं, काही शतकांपूर्वीचं. राणीच्या हातून खून होतो. आळ एका नोकरावर येतो. राणी गप्प राहते. नोकराला पहिल्याच अंकात फाशी होते. पुढचे सगळे अंक राणीचं मन तिला खातं आणि शेवटी ती मरते. एक दूत येऊन ती खबर राजाला देतो. वर्गात हे नाटक आम्हाला सरांनीच शिकवलं. थोर माणसात एखादा दोष असतो, त्या दोषापायी तो पडतो, आणि ते पडणं म्हणजे शोकांतिका, असं त्यांनी सांगितलं.

मी हात वर केला. "सर, मग नोकराचं काय?"

"त्याचं काय?"

"मेला तर तोही. त्यानं काहीच केलं नव्हतं."

"ती घटना आहे. कथानक पुढं सरकायला लागते," सर म्हणाले. "पडायला आधी उंचावर असावं लागतं. जमिनीवर बसलेला माणूस पडून पडून कुठं पडणार?"

वर्ग हसला. मी खाली बसले. राणी खून करते, तर तिच्या मनाचा तळ शोधायला चार अंक. नोकरानं चोरी केली असती, तर त्याला कुणी दोष म्हटलं नसतं. गुन्हा म्हटलं असतं. हे तेव्हा सुचलं होतं. बोलले नाही.

प्रयोगात भाग घेणं सगळ्यांना सक्तीचं होतं. त्याचे गुण अंतिम निकालात धरले जात आणि ते सरांच्या हातात होते. भूमिका ठरवायच्या दिवशी मी राणीचा उतारा वाचला. मेघा, माझी खोलीतली मैत्रीण, उदगीरच्या कापड दुकानदाराची मुलगी, पुटपुटली, "आता मी काय वाचू बाई?"

राणी मेघाला मिळाली.

"सर, माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

"तू चांगलं वाचलंस. पण राणीला उंची लागते."

"मेघा माझ्या खांद्याला लागते सर."

पुन्हा हशा. यावेळी सर हसले नाहीत. "तू दूत. दूताचं काम तुला शिकवायची गरजच नाही. तुझा आजा आमच्याकडचे सांगावे न्यायचा. मयताचा सांगावा कसा द्यायचा, हे तुमच्या रक्तात आहे."

इथं सांगावं लागेल. जमीनवाल्याच्या घरी कुणी वारलं, की पाहुण्यांच्या गावोगावी खबर पोचवायचं काम आमच्या वस्तीवर होतं. मोबदला म्हणजे भाकरी. माणूस पायी जायचा. पाहुण्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. तिथूनच ओरडून सांगायचा. घरातले रडायला लागायचे. कुणीतरी वरून भाकरी टाकायचं. तो वळला, की तो उभा होता त्या जागेवर पाणी टाकायचे. मरण त्यानं आणलं म्हणून, आणि तो तो होता म्हणून.

हे सगळं सरांनी नाटकात आणलं. मराठवाड्याच्या मातीतला प्रयोग, असं ते म्हणायचे. रंगमंचावर लाकडी चौकट उभी केली. आत राजा. बाहेर मी. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. ओळी इंग्रजीत. वाकून बोलायचं, नजर खाली. मग पाणी.

मी ते केलं. रोज केलं. मला वर्ष वाया घालवायचं नव्हतं. मुलं मेसमध्ये विचारू लागली, "काय गं, आज कोण गेलं?" मेघा त्यांच्यावर खेकसायची. पण सरांपुढं तीही गप्पच.

प्रयोगाच्या आदल्या रविवारी अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"काय झालं माय?"

मी सगळं सांगितलं. पाणी सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज्यानं ते काम सोडलं व्हतं. तुझ्या सराला म्हाईत हाय."

"कधी?"

"त्या सराचा आजा मेला तव्हाच की. सांगावा धाडायला बोलवाय आले. तुझा आजा पारावर सगळ्याइच्या म्होरं म्हनला, 'मयत तुमचं हाय, पाय बी तुमचेच वापरा.' मग लई दिवस कुनी कामाला बोलावलं न्हाई. घरात चूल पेटना. पर गेला न्हाई. हे सांगितलं का सरानं?"

"न्हाई."

"मंग अर्धंच सांगून राहिला की तो."

त्यांनी काय कर, काय करू नको, काही सांगितलं नाही. फोन ठेवला.

प्रयोग स्नेहसंमेलनात झाला. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत प्राचार्य, त्यांच्या शेजारी नांदेडहून आलेले प्रमुख पाहुणे. विंगेत मी घोंगडी काढून ठेवली. काठी मेघाच्या हातात दिली. ती मेलेली राणी होती, तिचं काम संपलं होतं. ती म्हणाली, "काय करतीयस?" मग काठी घट्ट धरून ठेवली.

मी चौकटीतून आत गेले. राजासमोर ताठ उभी राहिले. राजा झालेल्या मुलाची नजर विंगेकडं, सरांकडं गेली.

माझी ओळ होती: महाराज, राणी गेली.

मी म्हणाले: महाराज, पहिल्या अंकात तुम्ही ज्या नोकराला फाशी दिली, तो निर्दोष होता. त्याची खबर अजून कुणी दिलेली नाही. ती मी आणली आहे. आणि राणीही गेली.

इंग्रजीत बोलले. सावकाश. नाटकात नोकराला नाव नाही. मी त्याला नाव दिलं नाही.

पाण्याचा तांब्या घेतलेला मुलगा चौकटीबाहेर रिकाम्या जागेकडं बघत राहिला. मग तसाच परत गेला. टाळ्या झाल्या.

प्रयोगानंतर पाहुण्यांनी सरांना विचारलं, "नोकराचं ते मूळ नाटकात आहे का?"

सर म्हणाले, "नाही, नाही. ते आम्ही घातलं."

मी दोन हात अंतरावर उभी होते. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विभागात बोलावणं आलं. सर बसलेले. मला बसायला सांगितलं नाही. मी खुर्ची ओढून बसले.

"माझ्या नाटकात तू बदल केलास."

"पाहुण्यांना तुम्ही सांगितलं, तुम्ही केला."

"माफी माग. सगळ्या वर्गासमोर. नाहीतर तुझा प्रयोग झालाच नाही असं धरीन."

"कशाची माफी सर?"

"शिस्तभंगाची."

"पाणी कोणत्या शिस्तीत बसतं?"

"आवाज खाली."

मी उठले आणि बाहेर आले.

निकालात त्या विषयापुढं मी गैरहजर आहे. तेच नाटक पुढं युवक महोत्सवात गेलं. नोकराबद्दलचं माझं वाक्य त्यात ठेवलं होतं. दूत दुसरा होता. वाक्य त्यानं चौकटीबाहेरून म्हटलं आणि नंतर पाणी ओतलं गेलं. हे मी प्रेक्षकांत बसून पाहिलं.

मी विद्यापीठाकडं तक्रार केली. चौकशी समितीपुढं सरांनी सांगितलं, की पाणी हे प्रतीक होतं. मेघानं माझ्या बाजूनं साक्ष दिली. तिच्या घरच्यांनी तिला देऊ नको म्हणून सांगितलं होतं. राजा झालेल्या मुलानं काही आठवत नाही असं सांगितलं.

मी आता नांदेडला एका दैनिकात काम करते. मागच्या महिन्यात महाविद्यालयाकडून निरोप आला. तक्रार मागं घेतली, तर त्या विषयाची परीक्षा पुन्हा घेऊ, पदवी हातात पडेल.

मी तक्रार मागं घेतलेली नाही.