दोन नंबरचा भोंगा

मी ज्या सबस्टेशनवर ऑपरेटर होतो तिथं दोन मोठे ट्रान्सफॉर्मर होते. एकाला आम्ही एक नंबर म्हणायचो, दुसऱ्याला दोन नंबर. सबस्टेशन आंधळगावपासून सायकलने अर्ध्या तासावर. चारही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. एक नंबर बारा महिने चोवीस तास चालू असायचा, दोन नंबर मात्र गरजेपुरता. ट्रान्सफॉर्मर रिकामा असला तरी थोडी वीज स्वतःच खात बसतो, त्यामुळे लोड नसताना दोन्ही चालू ठेवणं म्हणजे बिनकामाचा पाहुणा पोसणं. लोड वाढला की दोन नंबर जोडायचा, उतरला की सोडायचा, हे आम्हा चार ऑपरेटरांचं काम होतं. मी जेवता जेवता ताटावरून उठून खिडकीतून दोन नंबरचा आवाज ऐकायचो, म्हणून माझी बायको त्याला आपली सवत म्हणायची.

हे काम मला येत होतं, असं आता नोकरी संपल्यावर मी बिनदिक्कत सांगतो. मीटरचा काटा हलायच्या आधी मला लोड कळायचा. चौदा एप्रिलच्या संध्याकाळी विहारापासून चौकापर्यंत किती रोषणाई लागणार, लग्नसराईत कुणाच्या मांडवात किती कूलर येणार, कोणत्या मालिकेला गावातले सगळे टीव्ही एकदम लागतात, उन्हाळी धानाच्या दिवसांत सकाळी नऊला शेतीपंपांची थ्री फेज वीज आली की किती मोटरी उठणार, सगळं तोंडपाठ होतं. बाकीचे तिघे काटा चढल्यावर दोन नंबर जोडायचे. मी दहा मिनिटं आधी जोडायचो. या दहा मिनिटांचा मला भारी गर्व होता आणि तो मी कुणापासून लपवतही नव्हतो.

जोडल्यावर भोंगा द्यायचा, ही आमच्याच सबस्टेशनची पद्धत होती आणि ती मी पाडलेली. त्याआधी आमच्या भागातल्या प्रत्येकाने मोटरीला ऑटो बसवला होता. ऑटो म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच, मालक घरी अंथरुणात का असेना. नऊ वाजले की शंभरेक मोटरी एकाच क्षणी उठायच्या, व्होल्टेज कोसळायचं, मोटरी नुसत्या गुरगुरत राहायच्या आणि दोन-चार तरी जळायच्या. जळलेली मोटर भरून आणायला भंडाऱ्याला न्यायची म्हणजे आठवडा गेला, तोवर बांधी कोरडी. एका उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. मी विहाराच्या ओट्यावर आणि मारुतीच्या पारावर सभा घेतल्या आणि सांगितलं, ऑटो काढून टाका. दोन नंबर जोडला की मी भोंगा देईन. भोंगा ऐकल्याशिवाय कुणी मोटरीला हात लावायचा नाही.

बंद पडलेल्या एका राइस मिलचा भोंगा मिलवाल्याने हसत हसत देऊन टाकला. ऑटो काढायला मात्र कुणी पुढे येईना. शेवटी जिची बांधी आमच्या कुंपणाला लागून होती ती म्हातारी आली. सारं गाव तिला मावशी म्हणायचं, मीही. तिने काढलेला ऑटो पदरात गुंडाळून आणला, माझ्या टेबलावर ठेवला, जयभीम घातला आणि निघून गेली. मग बाकीच्यांनी काढले. पुढचे दोन उन्हाळे एकही मोटर जळली नाही आणि मी जमिनीपासून चार बोटं वर चालू लागलो.

आता घरची गोष्ट. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती आणि तिची शाळा गोंदियाच्या वाट्याला गेली. मी भंडाऱ्याच्या वाट्याला राहिलो, आणि जिल्ह्याबाहेरची बदली काही सहज मिळत नाही. पुढची सहा वर्षं आम्ही शनिवारी भेटणारं जोडपं होतो. खरं तर दोघांपैकी एकानं बदलीचा अर्ज करायचा होता. मला वाटायचं ती करेल, तिला वाटायचं मी करेन, आणि दोघंही मोठ्या मनाने एकमेकांची वाट पाहत राहिलो. सहाव्या वर्षी एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, आमचं यावरून असं भांडण झालं की चहावाल्याने पैसे मागायची हिंमत केली नाही. त्यानंतर दोघांचेही अर्ज एकाच आठवड्यात गेले आणि तिचा आधी मंजूर झाला. ती आंधळगावच्या शाळेत आली, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांनी आम्हाला रोज भांडता येऊ लागलं.

या सुखाला दीड वर्ष होत होतं तेवढ्यात पेटी आली.

कपाटाएवढी, करड्या रंगाची, नवीकोरी पेटी. तिच्यासोबत कोल्हापूरकडचा एक तरुण इंजिनीअर. पोरगा गोड होता, मला काका म्हणायचा. त्याने समजावून सांगितलं की पेटी सारखा लोड मोजत राहणार, ठरलेल्या आकड्याच्या वर लोड गेला आणि पाच मिनिटं टिकला की आपोआप दोन नंबर जोडणार, उतरला की सोडणार. सात दिवसांची चाचणी होती आणि तेवढे दिवस कुणी हँडलला हात लावायचा नाही असा हुकूम होता. मग चहा पिता पिता त्याने निष्पापपणे हेही सांगितलं की चाचणी पार पडली की चारऐवजी दोन ऑपरेटर पुरतील. एका जागी सगळ्यांत जास्त वर्षं काढलेला मीच होतो, म्हणजे पहिली बदली माझी. ज्याने साऱ्या गावाचे ऑटो काढायला लावले, त्याच्याच डोक्यावर खात्याने ऑटो आणून बसवला होता. त्या दिवशी चहा मला कडू लागला.

पहिल्या दिवशी नऊला थ्री फेज सुरू झाली. एप्रिलचं ऊन, धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला लागलेला, बांधीत पाणी हवंच असे दिवस. मी सवयीने भोंग्याच्या बटणाकडे गेलो आणि हात मागे घेतला. दोन नंबर जोडलेलाच नव्हता, तर भोंगा कसला द्यायचा? सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. पेटीवरचा आकडा जागचा हलेना. इंजिनीअर म्हणाला, आज लोडच नाही काका. खिडकीतून पाहिलं तर बांधावर ठिकठिकाणी माणसं उभी होती, मोटरीच्या खोपटीजवळ, कान आमच्याकडे लावून.

मला तिथल्या तिथं उमगलं. पेटी लोडची वाट पाहत होती आणि लोड भोंग्याची. आणि हे उमगल्यावर मला आनंद झाला, तो मी लपवत नाही. पोटातून हसू आलं. ही पेटी इथं सात दिवस काय, सात वर्षंही सकाळचा दोन नंबर जोडणार नव्हती. मी लॉगशीट भरत गप्प बसून राहिलो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा तीही आधी हसली. तिची सवत घरी बसली म्हणून हसली, आणि आपली बदली टळणार म्हणूनही. मग भात वाढता वाढता तिने विचारलं, "मावशीच्या बांधीत पाणी आहे काय?" मी म्हटलं, असेल दोन दिवसांचं. तिने भाताचं पातेलं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण फाटकाशी आले. भोंगा काहून नाही झाला म्हणून विचारू लागले. इंजिनीअरने त्यांना बसवून पेटी दाखवली, लाइन चालूच आहे, खुशाल मोटरी सुरू करा म्हणून सांगितलं. सगळ्यांनी हो साहेब, हो साहेब म्हणून माना डोलावल्या, चहा घेतला आणि आपापल्या बांधावर जाऊन पुन्हा उभे राहिले. जळलेल्या मोटरी कुणी विसरलं नव्हतं. शेजाऱ्याने आधी सुरू करावी, मग आपण पाहू, असं प्रत्येकाच्या मनात. जाताना ते इंजिनीअरकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. आनंद होताच, पण आता तो दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागत होता.

तिसऱ्या दिवशी आठ वाजता मावशी आली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं. तिच्या हातात धानाची एक काडी होती, पोटरीतून लोंबी अर्धी बाहेर आलेली आणि पात्याची टोकं वळलेली. ती टेबलावर ठेवून ती म्हणाली, "धान निसवून राहिला भाऊ. बांधीले भेगा पडल्या. तुम्ही म्हणान तवा मोटर चालू करीन."

मी तिला विचारलं, लाइन तर दोन्ही दिवस होती, तू कायले थांबली? तिला प्रश्नच कळला नाही.

"तुम्हीच तं सांगतलं होतं, भोंग्याबिगर हात नाही लावाचा," ती म्हणाली.

लाज वाटली. अशी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. टेबलाच्या ज्या कोपऱ्यावर तिने तीन वर्षांपूर्वी ऑटो ठेवला होता, त्याच कोपऱ्यावर आता ती काडी होती. मी तिला म्हटलं, मावशी, नऊ वाजता पहिली मोटर तुझी, मी बांधावर येऊन उभा राहतो. मग इंजिनीअरकडे गेलो आणि सगळं सांगितलं, भोंगा, सभा, ऑटो, आणि बांधावर उभी असलेली माणसं. तो आधी हसला. मग हसणं थांबवून त्याने विचारलं, "काका, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?" मी हो म्हटलं. तो आपला पेचकस घेऊन पेटीकडे वळला.

आकडा त्याने खाली आणला, म्हणजे व्होल्टेज पडायच्या आधीच पेटी जागी व्हावी. पाच मिनिटांची दोन केली. मी बांधोबांध फिरून सांगितलं की सगळ्यांनी एकदम नाही, आधी थोड्या मोटरी सुरू करायच्या आणि भोंगा झाला की उरलेल्या. आमच्या तलावाचं पाणी वाटणारा पाणकर जशी पाळी लावतो तशी या पहिल्या मोटरींची पाळी लावली, आज यांच्या, उद्या त्यांच्या. पाळी म्हटल्यावर कुणाला काही समजवावं लागलं नाही. माझ्या तोंडून इतका वेळ वीज ऐकून कंटाळलेली माणसं पाळी या शब्दावर लगेच हो म्हणाली.

नऊ वाजले. मावशीने खोपटीत जाऊन बटण दाबलं. मोटर उठली, गुरगुरली नाही, सरळ पाणी फेकू लागली. मावशी पाइपाच्या तोंडाशी हात धरून उभी राहिली. शेजारची उठली, तिच्या पलीकडची उठली. मी मोजत होतो. पंचविसाव्या-तिसाव्या मोटरीनंतर सबस्टेशनमधून दोन नंबरचा ब्रेकर लागल्याचा धाडकन आवाज आला आणि इंजिनीअरने स्वतःच्या हाताने भोंगा दिला. इतका लांब दिला की त्याला भोंगा कसा देतात हे माहीत नाही हे सगळ्या गावाला कळलं. चारही बाजूंनी मोटरी उठल्या. मी बांधावर उभा होतो, माझी बदली पक्की झाली होती, आणि मला मनापासून बरं वाटत होतं.

चाचणी पार पडली. जाण्याआधी इंजिनीअरने भोंग्याची वायर ब्रेकरला जोडून दिली, म्हणजे दोन नंबर लागला की भोंगा आपोआप व्हावा. आता माझ्या दहा मिनिटांची कुणाला गरज नव्हती.

मेच्या शेवटी ऑर्डर आली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोसीखुर्दच्या धरणाकडचं सबस्टेशन. दोन एसट्या बदलून जायचं, म्हणजे पुन्हा शनिवारचं जोडपं. ऑर्डर खिशात घालून मी दुपारभर ड्युटी केली. घरी जाऊन कसं सांगायचं याची मनात उजळणी करत होतो. तिने मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं, बोलायलाही नव्हतं. बोललो मी, आणि त्याची किंमत तिलाही पडणार होती.

संध्याकाळी ती भाजी चिरत बसली होती. मी ऑर्डर तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली, हात पुसले, शाळेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. पती-पत्नी एकत्रीकरणाचा बदली अर्ज होता, तिच्या सुवाच्य मास्तरणीच्या अक्षरात. तारीख एप्रिलमधली, मावशीची मोटर सुरू झाली त्याच दिवसाची. खाली सही होती. फक्त कुठे बदली हवी ती जागा कोरी होती.

"गावाचं नाव सांगा," पेनाचं टोपण काढत ती म्हणाली. "या टायमाले पहिली मोटर मी चालू केली."

मी नाव सांगितलं. ती लिहू लागली तेवढ्यात बाहेर भोंगा झाला. दोन नंबर लागला होता, आणि मी उठून खिडकीशी गेलो नाही.