बटणला कुणी ढकलेना

माझा थोरला भाऊ लोकांना गाडी शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी तो बसतो, तिथे त्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे, आणि त्या ब्रेकने त्याचं वाटोळं केलंय. जगात जे जे चालतं ते शेजारी बसून थांबवायचं काम आपलंच, असं त्याला वाटतं. मी फोनवर कुणाशी तावातावाने बोलायला लागले तरी दादाचा पाय जमिनीवर दाबला जातो.

त्याची मुलगी पहिलीत आहे. गोल, टणक आणि सारखी निसटणारी, म्हणून घरात तिला बटण म्हणतात. एक दिवस ती शाळेतून आली ती फ्रॉकचा खिसा लोंबवत.

"कुणी फाडला?" दादाने विचारलं.

"खेळताना फाटला."

"कधी फाटला ते झालं. मी विचारतोय, कुणी?"

बटण जांभई देऊन आत गेली. दादा ताटावरून उठला. "पोर बोलत नाही म्हणजे तिला कुणीतरी दम दिलाय!" वहिनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती म्हणाली, "अहो, खिसा आहे. मी शिवते." पण दादाच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या दिवसापासून गाडीचे सगळे धडे शाळेभोवती. कुंपणाला धरून डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे. त्या वेळी शिकलेल्यांना अजून उजवीकडे वळता येत नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई समोरच्या बँकेत जायला अख्ख्या वस्तीला वळसा घालतात. मैदान आलं की दादा ब्रेक दाबायचा आणि डोकं बाहेर काढून ओरडायचा, "ए निळे मोजे! बघतोय हं मी!"

शेवटी मोठ्या बाईंनी हात टेकले. "रस्त्यात गाड्या तुंबतात हो. त्यापेक्षा आत येऊनच बसा ना!" त्या चिडून बोलल्या, याने खरं धरलं. दादा पहिलीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायला लागला, गुडघे कानाशी घेऊन.

थोड्याच दिवसांत शाळेतून वहिनीला बोलावणं आलं.

"यांचं लक्ष नसतं," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "मागून उत्तरं सांगतात. कुणी पळालं की पाय आपटतात."

"घरीही असंच आहे," वहिनी म्हणाली. "तुमचं ऐकलं तर बघा."

बाईंनी दादाला खिडकीजवळून उठवून पुढे बसवलं. हे ऐकून लाजावं की हसावं मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

पोरं मात्र वचकली. रांगेत बटण आली की सगळी भिंतीला चिकटायची. तू आधी जा, हा रंग तूच घे. बाईसुद्धा तिची चूक अगदी हळू आवाजात सांगायच्या. "बघितलंस? वागणूक सुधारली!" दादा कॉलर ताठ करून मला म्हणायचा. बटण रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायला लागली होती, त्याकडे या शहाण्याचं लक्ष नव्हतं.

एकदा तो डबा विसरला म्हणून मी मधल्या सुट्टीत शाळेत गेले. मैदानावर पकडापकडी चालली होती. बटण जीव खाऊन पळत होती आणि तिच्यामागे कुणीच नव्हतं. राज्य निळ्या मोज्यांच्या मुलावर होतं. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो तिला वळसा घालून दुसऱ्यांच्या मागे गेला. मग ती पुन्हा पळायला लागली, मागे वळून वळून बघत. मला रडूच यायला लागलं. कडेला उभ्या दादाचा चेहरा पडला होता.

तो त्या मुलापाशी जाऊन उकिडवा बसला. "अरे, तिला पकड की. ढकललंस तरी चालेल."

"नको काका."

"का रे?"

"तुम्ही बघताय ना."

दादा उठला आणि फाटकाबाहेर चालू लागला. डबा माझ्या हातातच राहिला.

त्यानंतर तो शाळेकडे फिरकला नाही. शाळा सुटायच्या वेळी घरात येरझाऱ्या घालायचा, घड्याळाकडे बघायचा, वहिनीवर उगाच खेकसायचा. मला त्याची दया यायची, पण मी ते त्याला कळू दिलं नाही.

मग एका दुपारी दार धाडकन उघडलं. बटणचा एक गुडघा सोललेला, केसांत माती, एक बूट हातात, आणि चेहरा हा एवढा फुललेला.

"बाबा! मला पाडलं!"

दादा ताडकन उठला. "कुणी?"

"नाही सांगणार," बटण म्हणाली.