अडगळीच्या खोलीतली सभा

आमच्या शाळेच्या समितीत अध्यक्ष निवडायची एक जुनी आणि फार सोयीस्कर रीत आहे. सभेला जो हजर नसेल, तो अध्यक्ष. हजर असलेला माणूस नाही म्हणू शकतो. गैरहजर माणूस कसा म्हणणार? त्यामुळे एरवी ज्या समितीच्या सभांना माशीसुद्धा फिरकत नाही, तिची ही एक सभा मात्र गच्च भरते. लोक अंगात ताप घेऊन येतात. एक गृहस्थ पायाला प्लास्टर घालून आले होते आणि दारातूनच ओरडले होते, "आलोय बरं का मी! लिहून घ्या आधी."

त्या वर्षी तर सगळेच हजर. आता करायचं काय, म्हणून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पुन्हा एकदा हजेरी घ्यायला लागल्या. मध्येच एका नावाला उत्तर आलं नाही.

"अरे, वॉशर कुठाय?"

"नाहीये! वॉशर नाहीये!" असा काही आनंदाचा कल्लोळ उठला की विचारू नका. टाळ्या पडल्या, ठराव झाला, चहा आला.

वॉशर त्या वेळी शाळेतच होता. मुलींच्या स्वच्छतागृहात बेसिनखाली उताणा पडून मोठ्या बाईंनीच दाखवलेला गळका नळ दुरुस्त करत होता. हात पुसत वर आला तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडायचा तेवढा बाकी होता.

वॉशर म्हणजे आमच्या गल्लीतला प्लंबर. कुठलीही वस्तू बिघडली की हा आधी म्हणणार, "वॉशर गेला असेल." त्यावरून हे नाव. माझा गुडघा धरला होता तेव्हाही हेच म्हणाला, आणि पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते फारसं वेगळं नव्हतं. माणूस बुटका, रुंद. हसला की आधी खांदे हलतात, आवाज मागाहून येतो.

पण खरी गंमत इथून पुढे आहे. समितीचे खजिनदार होते त्याचे सासरे.

सासरे बँकेतून निवृत्त झालेले. नाकावर माशी बसू न देणारे. त्यांच्या घरचा गिझर दुरुस्त करायला वॉशर गेला आणि आठवडाभर जातच राहिला. मी समोरच राहतो. एका गिझरला इतक्या खेपा लागत नाहीत हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यांना कळलं ते मुलीने लग्न ठरवून सांगितलं तेव्हा. तेव्हापासून ते जावयाशी बँकेच्या भाषेत बोलतात. "आपण जेवून जाणार आहात काय?" असं. आता तोच जावई त्यांच्या डोक्यावर अध्यक्ष!

"अभिनंदन, अध्यक्षमहाराज," ते म्हणाले. 'महाराज'वर असा काही जोर दिला की माझी बिस्किटं बशीत उडाली.

मी समितीवर कसा, म्हणाल तर माझ्या घराची भिंत आणि शाळेची भिंत एकच आहे. एवढी पात्रता पुरते.

वॉशरला अध्यक्षपणाचं काही कळत नव्हतं, पण त्याची कामाची एक पद्धत होती. बघितल्याशिवाय तो कशावरही बोलत नसे. फोनवर गिऱ्हाईक कितीही कळवळून सांगो, हा म्हणणार, "येऊन बघतो." समितीतही तेच. छताचा विषय निघाला की सभा छतावर. स्वच्छतागृहाचा विषय निघाला तेव्हा सभा स्वच्छतागृहाच्या दारात भरली, आणि समितीतल्या बेकरीवाल्या वहिनींनी नाकाला रुमाल लावून "मंजूर, मंजूर, चला आता," म्हणत तो खर्च असा पटकन पार पाडला की मोठ्या बाई बघतच राहिल्या. खजिनदार म्हणायचे, "ही समिती आहे की सहल?" पण जायचे सगळ्यांच्या मागून, चष्मा सावरत.

तेवढ्यात पैशाचं घोडं अडलं.

आमच्या शाळेला वरून अनुदान मिळतं ते मुलांच्या पटावर. पुलापलीकडे एक चकचकीत नवी शाळा निघाली, बरीच मुलं तिकडे गेली, पट घसरला, आणि अनुदानही घसरलं. वरच्या कचेरीने कळवलं की खर्च तुमचा तुम्ही बसवा. म्हणजे काहीतरी कापा. आणि कापायला सगळ्यात सोप्या होत्या वाचनाच्या बाई.

ह्या बाई सरकारी पगारावर नव्हत्या. समितीच्या निधीतून त्यांचं मानधन जायचं. अडगळीच्या खोलीत, मोडकी बाकं आणि फाटके नकाशे ह्यांच्या मधोमध, वाचनात मागे पडलेल्या मुलांना त्या एकेकटं घेऊन बसायच्या. मोठ्या बाईंचा त्यांच्यावर फार जीव. "ह्या मुलांना गणित येतं हो," त्या म्हणायच्या, "पण गणितातला प्रश्न वाचता येत नाही. मग सगळ्याच विषयांत भोपळा. ह्या बाई गेल्या तर निकाल आणखी पडेल, निकाल पडला की आणखी मुलं पुलापलीकडे जातील."

"पटतं," खजिनदार म्हणाले. "पण हिशेबात भावनेला रकाना नसतो."

"आमच्या व्यायामवर्गाला हॉल भाड्याने द्या ना मग," बेकरीवाल्या वहिनी म्हणाल्या. "कधीपासून मागतोय आम्ही. त्या भाड्यात बाईंचं बरंचसं भागेल."

खजिनदारांचा चेहरा असा झाला की जणू वहिनींनी त्यांचा दात मागितला. हॉलची लाकडी जमीन त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. तिच्यावर तोंड दिसायचं. मुलांनासुद्धा तिथे वर्षातून एकदा प्रवेश, तोही मोजे घालून. "हॉल देणार नाही," ते म्हणाले. "पुढच्या सभेत बाईंचा ठराव घ्या आणि मोकळे व्हा."

आता घरातली गोष्ट सांगतो. वॉशरची लेक, घरात तिला टिकली म्हणतात, ह्याच वाचनाच्या बाईंकडे जात होती. आणि हे तिच्या आजोबांना ठाऊक नव्हतं.

आजोबा तर क्लबात सांगत फिरायचे, "आमची नात धडाधडा वाचते. माझ्यावर गेली आहे." ती त्यांच्या मांडीवर बसून पुस्तक धडाधडा वाचून दाखवायची, हे खरं. पण ते सगळं पाठ असायचं. आईने दोनदा वाचलं की पोरीच्या डोक्यात बसायचं. पानावरचं अक्षर तिला काही सांगत नव्हतं. हे बाईंनी ओळखलं, आईबापांना बोलावून सांगितलं, आणि टिकली अडगळीच्या खोलीत बसू लागली. आजोबांपासून मात्र झाकून ठेवलं. त्यांची जीभ सगळ्यांना माहीत.

सभेच्या आदल्या दिवशी वॉशर बायकोला म्हणाला, "उद्याची सभा बाईंच्या खोलीत घेतो."

"अहो, टिकलीचा तास असतो तेव्हा!"

"म्हणून तर. बघितल्याशिवाय तुझे बाबा ऐकायचे नाहीत."

"आणि बघितल्यावर? पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. मला विचारा. मी अडखळले की 'पुढे, पुढे' करायचे. अजून कुणापुढे तोंड उघडायचं म्हटलं की मी तुम्हाला पुढे करते."

हे सगळं मला तिनेच सांगितलं. सांगितलं नसतं तरी अडलं नसतं. वॉशरच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली आहे.

बाई गेल्या तर टिकली परत पाठांतरावर येणार. सभा तिथे घेतली तर आजोबांपुढे उघडी पडणार. शेवटी वॉशरने पोरीलाच विचारलं. ती पेन्सिल चावत म्हणाली, "येऊ दे आजोबांना. पण इथे मध्ये बोलायचं नसतं, हे त्यांना सांगा."

"ते तूच सांग बाई," वॉशर म्हणाला. "माझं ऐकत नाहीत ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या खोलीत शिरलो. बसायला पहिलीच्या मुलांच्या खुर्च्या. मोठ्या बाई सवयीने बसल्या, मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि खजिनदार बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांशी आले. वाचनाच्या बाईंनी आमच्याकडे वर बघून एकदा मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागल्या. समोर टिकली.

"ही इथे कशी?" खजिनदार म्हणाले.

"ती रोज येते इथे, बाबा," वॉशर म्हणाला. सभेत तो त्यांना नेहमी 'खजिनदारसाहेब' म्हणायचा. त्या दिवशी विसरला.

"रोज? कशाला? तिला तर सगळं..."

"आजोबा," टिकली म्हणाली, "इथे मध्ये बोलायचं नाही. तसा नियम आहे."

आणि तिने वाचायला घेतलं. गोष्ट होती एका उंटाची. त्याला चपला हव्या होत्या. बोट अक्षराखाली, आणि आवाज असा की जणू अंधारात जिना उतरतेय. "उंट... बा...जा...रात... गेला." मग आला 'दुकानदार'. टिकली थांबली. "दु..." म्हणाली आणि पुढे काही येईना.

खजिनदारांचे ओठ हलायला लागले. "दुका..."

बाईंनी त्यांच्याकडे न बघताच एक बोट वर केलं. झालं. बँकेच्या साऱ्या शाखा ज्यांना घाबरायच्या ते गृहस्थ तोंड मिटून बसले. खोली शांत. बाहेर मैदानात कुणीतरी कुणाला तरी आऊट देत होतं. टिकलीने नाक ओढलं, बोट मागे नेलं, परत आणलं. "दु...का...न...दार! दुकानदार म्हणाला, तुला किती हव्यात? उंट म्हणाला, दोन जोड."

बेकरीवाल्या वहिनी खुदकन हसल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि टिकलीने पुस्तक मिटलं.

"मग?" खजिनदार म्हणाले. "दिल्या का त्याने?"

"ते उद्या," बाई म्हणाल्या.

"उद्या कसलं!" वहिनींनी संधी साधली. "आत्ता ठराव करतोय ना आपण? बाईंचा तास बंद, उंट बसला दुकानात उभा."

"बसला तर उभा कसा?" मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

टिकली वर्गाकडे पळाली. खजिनदारांनी चष्मा काढून हातात धरला. "मला ती जे वाचून दाखवायची..."

"पाठ असायचं," बाई म्हणाल्या. "हुशार आहे म्हणूनच इतके दिवस निभावलं. आता पाठ करत नाही. हळू वाचते, पण वाचते."

"मला का नाही कुणी सांगितलं?"

वॉशर जमिनीकडे बघत राहिला. मोठ्या बाईंनी पदर सारखा केला. बोलल्या त्या वहिनीच. "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी अंगात बळ यायला दूध प्यायला लागतं हो, साहेब."

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्यांनी ते मिटलेलं पुस्तक जवळ ओढून बाकावर सरळ ठेवलं. मग घसा साफ करून म्हणाले, "हॉलमध्ये बूट चालणार नाहीत."

"आम्ही अनवाणीच उड्या मारतो," वहिनी म्हणाल्या.

"उड्या?" त्यांचा रंग उडाला. "बरं. मारा. अध्यक्षमहाराज, लिहून घ्या. हॉल व्यायामवर्गाला, भाडं बाईंच्या मानधनाकडे. तूट राहील ती फाटक रंगवायला ठेवलेल्या पैशातून काढा. आणि मला आधी ह्या खुर्चीतून काढा."

वॉशरने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. खुर्ची बरोबरच उठली. ती सोडवायला जावयाला गुडघ्यावर बसावं लागलं, आणि त्याचे खांदे हलताना मी स्पष्ट पाहिले. आवाज मात्र त्याने येऊ दिला नाही. शहाणा आहे.

त्यानंतर आमचं फाटक गंजलेलंच आहे. रोज सकाळी हॉलमध्ये पंचवीस-तीस बायका धपाधप उड्या मारतात, आणि खजिनदार फडकं घेऊन दारात उभे असतात. वहिनींनी त्यांना आत यायचा आग्रह केला, तर म्हणाले, "आपण चालू ठेवा, मी केवळ निरीक्षक आहे." परवा त्यांचा पाय तालावर हलताना मला दिसला. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त क्लबात, बेकरीत आणि केस कापायच्या दुकानात.

वाचनाच्या बाई आहेत. पट काही लगेच वाढला नाही, पण मुलांचं पुलापलीकडे जाणं थांबलं. बाईंकडची बरीच मुलं वर्गात परत गेली, प्रश्न वाचून गणितं सोडवायला लागली, आणि मोठ्या बाईंनी वार्षिक निकाल दोनदा वाचून दाखवला. परत गेलेल्या मुलांच्या जागी नवी मुलं अडगळीत आली. वॉशर त्या खोलीत एक बेसिन बसवून द्यायचं म्हणतोय. कशाला, ते त्यालाही सांगता येत नाही.

टिकली आता संध्याकाळी आजोबांकडे जाते. एकदा मी वर्तमानपत्र मागायला म्हणून गेलो होतो. खरं म्हणजे बघायलाच गेलो होतो. ती वर्तमानपत्रातली मोठी ठळक ओळ वाचत होती आणि मध्येच अडली. आजोबा शेजारी बसलेले, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली. घड्याळ चालू होतं. चहा निवत होता. त्यांना ती ओळ पूर्ण ठाऊक होती, आणि ते थांबले होते.

त्यांची मुलगी, म्हणजे वॉशरची बायको, चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघा काका. मला ह्या घरात कधी एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही."

"गप्प बस ग," आजोबा कुजबुजले. "तिला वाचू दे."

ती हसली, आणि कपबशी हातात धरून तिथेच उंबऱ्यावर ऐकत बसली.